इन्सुलिन, मज्जासंस्था आणि बीपी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डायबिटीस आणि बीपी एकाच घरात, बहुतेकदा एकाच माणसात, नांदत असतात. त्यामुळे दोन्हींबद्दलचे प्रश्नही एकत्रच येतात. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, अडचणीचे आणि अपवादाचे नंतर. एखादी गोष्ट आधी सांगून झाली असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. औषधाचा डोस मात्र हे वाचून बदलू नका. तो तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच.

१. इन्सुलिन म्हणजे शुगरचं औषध ना? त्याचा मज्जासंस्थेशी आणि बीपीशी काय संबंध?

औषध ते नंतर झालं. मुळात ते आपल्याच स्वादुपिंडात बनणारं संप्रेरक आहे, ५१ अमिनो आम्लांचं, दोन छोट्या साखळ्या जोडून बनलेलं. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी ते वेगळं काढलं आणि जानेवारी १९२२ मध्ये पहिल्या रुग्णाला टोचलं. तेव्हापासून 'इन्सुलिन म्हणजे साखर' हे समीकरण डोक्यात इतकं पक्कं बसलंय की त्याची बाकीची कामं झाकली गेली.

ती कामं अशी: इन्सुलिन रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर काम करतं, मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला सांगतं, आणि मेंदूमार्फत सिम्पथेटिक मज्जासंस्थेला जागं करतं. संकटात छाती धडधडवणारी आणि रक्तवाहिन्या आवळणारी यंत्रणा ती हीच. बीपी ठरतं ते रक्तवाहिन्या किती सैल, रक्तात पाणी-मीठ किती आणि हृदय किती जोरात चालतं यांवर. इन्सुलिनचा या तिन्ही ठिकाणी हात आहे.

२. मग सरळ सांगा, इन्सुलिनने बीपी वाढतं की कमी होतं?

निरोगी माणसात सहसा दोन्ही नाही. इथे रस्सीखेच चालू असते. एका बाजूला इन्सुलिन रक्तवाहिन्यांच्या अस्तराकडून नायट्रिक ऑक्साइड तयार करवून घेतं आणि वाहिन्या सैलावतात. दुसऱ्या बाजूला तेच इन्सुलिन सिम्पथेटिक मज्जातंतूंना चेतवतं आणि ते वाहिन्या आवळू पाहतात. दोन्ही संघ तुल्यबळ, म्हणून दोर जागचा हलत नाही.

१९९१ साली अमेरिकेत हे थेट मोजलं गेलं. निरोगी तरुणांना शिरेतून इन्सुलिन दिलं आणि साखर पडू नये म्हणून सोबत ग्लुकोज. पायातल्या मज्जातंतूत बारीक सुई घालून त्यातले संदेश नोंदवले. संदेश वाढले, हाताच्या स्नायूंतला रक्तपुरवठाही वाढला, बीपी मात्र चढलं नाही.

पुढचे बरेच प्रश्न याच दोरीभोवती फिरतात. पहिला संघ दमला तर काय होतं ते प्रश्न ३ मध्ये आहे, दुसरा संघच मैदानातून गेला तर काय होतं ते प्रश्न ११ मध्ये.

३. इन्सुलिन रेझिस्टन्समध्ये बीपी का वाढतं?

इन्सुलिन भरपूर आहे पण स्नायू, यकृत आणि चरबी त्याला दाद देत नाहीत, ही ती अवस्था. स्वादुपिंड मग आणखी इन्सुलिन ओतत राहतं. वर्षानुवर्षं शुगरचा रिपोर्ट नॉर्मल येतो आणि आत हा ओव्हरटाइम चालू असतो.

गंमत अशी की सगळं शरीर एकसारखं बहिरं होत नाही. रक्तवाहिनीत इन्सुलिनचा निरोप दोन मार्गांनी जातो. एका मार्गाने नायट्रिक ऑक्साइड बनतं, दुसऱ्याने एंडोथेलिन नावाचं वाहिन्या आवळणारं द्रव्य. रेझिस्टन्समध्ये पहिला मार्ग अडतो आणि दुसरा सुरूच राहतो. मूत्रपिंडाचंही तसंच. इन्सुलिनमुळे लघवीतून सोडियम कमी जातं हे १९७५ मध्येच निरोगी माणसांत दाखवलं गेलं होतं, आणि स्नायूंनी इन्सुलिनचं ऐकणं सोडलं तरी मूत्रपिंड ते ऐकत राहतं. सिम्पथेटिक मज्जासंस्थेचा आवळणाराही तसाच ताजातवाना. म्हणजे सैल करणारा एकटा दमला आणि बाकीचे सगळे जोरात.

बीपी आहे, पण लठ्ठपणा नाही आणि डायबिटीसही नाही, अशा लोकांतही रेझिस्टन्स सापडतो, हे फेरानिनी आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवलं. पुढच्याच वर्षी जेराल्ड रीव्हन यांनी बीपी, साखर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) आणि रेझिस्टन्स यांची मोट 'सिंड्रोम एक्स' या नावाने बांधली. आज त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात.

तरी बीपी वाढण्यामागे नेहमी इन्सुलिनच असतं असं समजू नका. अॅरिझोनातल्या पिमा आदिवासींत रेझिस्टन्स प्रचंड आहे, पण १९९१ च्या अभ्यासात त्यांच्यात इन्सुलिन आणि बीपी यांचा मेळ बसला नाही. गोऱ्या अमेरिकनांत बसला. वय, मीठ, अनुवंश, झोपेतलं घोरणं आणि श्वास अडकणं, मूत्रपिंडाचे आजार यांचाही बीपीत वाटा असतोच.

४. मला आधीच बीपी आहे आणि आता डॉक्टर इन्सुलिनचं इंजेक्शन सुरू करा म्हणतात. बीपी आणखी वाढेल का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. या भीतीपोटी लोक वर्ष-दोन वर्षं इन्सुलिन पुढे ढकलतात आणि तोवर डोळे-किडनी खर्ची पडतात.

पुरावा तुमच्या भीतीच्या उलट आहे. टाइप १ च्या रुग्णांवर १९८३ ते १९९३ असा एक मोठा अभ्यास झाला. ज्यांची साखर इन्सुलिनने काटेकोर सांभाळली, त्यांना पुढच्या वर्षांत बीपीचा आजार इतरांपेक्षा कमी जडला. २०१२ मध्ये ग्लार्जिन इन्सुलिनवरचा १२,५०० हून अधिक लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात इन्सुलिनमुळे हार्ट अटॅक किंवा पक्षाघात वाढले नाहीत. शिवाय निसर्गानेच एक प्रयोग करून ठेवलाय: स्वादुपिंडात इन्सुलिनोमा नावाची गाठ झालेल्या माणसाच्या रक्तात इन्सुलिन सतत चढं असतं, तरीही त्यांना बीपी असतंच असं नाही आणि गाठ काढल्यावर ते उतरतही नाही.

लक्ष ठेवायचं ते दोन गोष्टींवर. इन्सुलिनने वजन वाढू शकतं आणि वाढलेलं वजन बीपी वाढवतं. आणि साखर फार चढलेल्या माणसात इन्सुलिन सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्वचित पायांवर सूज येते. कारण तेच, मूत्रपिंडाने धरून ठेवलेलं मीठ. बहुतेकदा ती आपोआप ओसरते. सोबत दम लागत असेल, किंवा तुम्ही पायोग्लिटाझोन ही शुगरची गोळीही घेत असाल, तर मात्र लगेच दाखवा. हृदयावर भार येत असण्याची शक्यता असते.

५. माझं वजन ५८ किलो, पोट सोडलं तर मी बारीकच. मला कुठला आलाय रेझिस्टन्स?

'पोट सोडलं तर' यातच उत्तर आलं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये दोघांचा एक फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची, पण त्या तुलनेत आपल्या बाळांचे स्नायू कमी आणि चरबी टिकवलेली. नाळेच्या रक्तातही इन्सुलिन जास्त आढळलं.

म्हणून आपल्याकडे वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप कामाची. पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर कंबर गेली की साखर आणि बीपी दोन्ही तपासून घ्या. टेप बेंबीपाशी, श्वास सोडून. पोट आत ओढून मोजलेलं धरायचं नाही.

६. मेंदूला साखर मिळायला इन्सुलिन लागतं का?

नाही. मेंदू आपली बहुतेक साखर इन्सुलिनशिवायच उचलतो, आणि ते बरंच आहे. तरी १९७८ मध्ये उंदरांच्या मेंदूत इन्सुलिनची ग्राहीस्थानं (इन्सुलिन जिथे चिकटून निरोप देतं त्या जागा) सापडली. पुढे कळलं की मेंदूत इन्सुलिनची कामं वेगळी: भूक आवरणं, यकृताला साखर सोडणं थांबवायला सांगणं, आणि हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागामार्फत सिम्पथेटिक मज्जासंस्थेला चेतवणं. प्रश्न २ मधल्या दोरीचं एक टोक इथे आहे.

७. टेन्शन घेतलं की शुगर वाढते, हे खरं की मनाचे खेळ?

खरं आहे, कारण हा रस्ता दुहेरी आहे. इन्सुलिन मज्जासंस्थेला हलवतं तशी मज्जासंस्थाही स्वादुपिंडाला हलवते. जेवणाचा वास आला की साखर रक्तात पोहोचायच्या आधीच व्हेगस मज्जातंतू थोडं इन्सुलिन सोडायला लावतो. उलट भीती, वेदना, ताप किंवा ऑपरेशन अशा वेळी सिम्पथेटिक मज्जासंस्था इन्सुलिनला लगाम घालते आणि अॅड्रिनॅलिन यकृतातली साखर बाहेर काढतं. मग साखर आणि बीपी एकदमच चढतात. दवाखान्यात घाईघाईत जिने चढून घेतलेल्या एका बीपीवरून आजार ठरवू नये, ते याचसाठी.

८. शुगर लो झाली की हात थरथरतात, घाम फुटतो. तेव्हा बीपी मोजलं तर वरचा आकडा जास्तच आला. लो शुगरमध्ये बीपीही लो व्हायला नको का?

'लो' हा शब्द दोन्हीकडे आहे म्हणून गल्लत होते. साखर ७० च्या खाली जाऊ लागली की शरीर ते संकट मानतं आणि अॅड्रिनॅलिन सोडतं. हात कापणं, धडधड, दरदरून घाम, कासावीस भूक ही सगळी त्या संकटाचीच लक्षणं. या वेळी वरचं बीपी वाढतं, खालचं बहुतेकदा थोडं उतरतं आणि नाडी जलद होते. तेव्हा बीपी १६० दिसलं म्हणून बीपीची जादा गोळी देऊ नका. आधी बोट टोचून साखर बघा.

१५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन सपाट चमचे साखर पाण्यात विरघळवून किंवा ग्लुकोज पावडर, लगेच प्यायला द्या. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. ७० च्या वर नसेल तर पुन्हा तेवढंच. पेढा किंवा चॉकलेट यासाठी चालत नाही, त्यातल्या तुपा-चरबीने साखर सावकाश चढते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, हॉस्पिटल गाठा.

९. बीपीच्या गोळ्यांमुळे लो शुगर कळत नाही म्हणतात. मग गोळी बंद करू का?

बंद अजिबात नको. असं एकदम थांबवणं हृदयाला धोक्याचं असतं. हा मुद्दा फक्त बीटा ब्लॉकर गटाचा आहे: प्रोप्रॅनोलॉल, अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल वगैरे. ही औषधं अॅड्रिनॅलिनचा आवाज दाबतात. धडधड आणि थरथर कमी जाणवते. घाम मात्र झाकला जात नाही, कारण घामग्रंथींना निरोप वेगळ्या रसायनाने जातो. या गोळ्या घेणाऱ्याने विनाकारण गार घाम आला की साखर तपासायची, एवढं घरातल्यांनाही सांगून ठेवा.

प्रोप्रॅनोलॉल कित्येकदा अर्धशिशीसाठी किंवा हात कापतात म्हणून दिलेलं असतं आणि पेशंट ते बीपीच्या डॉक्टरांना सांगतच नाही. लो शुगरच्या वेळी ते बीपी बरंच चढवू शकतं आणि साखर वर यायलाही वेळ लावतं. सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून न्या. कागदावरची यादी अर्धवट असते.

१०. वडील वीस वर्षं इन्सुलिन घेतात. हल्ली साखर ४५ झाली तरी त्यांना काहीच होत नाही. सवय झाली का?

सवय झाली आणि तीच घातक. वारंवार साखर पडत राहिली की मेंदू आपली धोक्याची घंटा आणखी खाली नेतो. अॅड्रिनॅलिन उशिरा सुटतं किंवा सुटतच नाही. माणूस थेट बरळायला लागतो, नाहीतर बेशुद्ध पडतो. बऱ्याच जणांत यावर उपाय आहे: काही आठवडे साखर मुद्दाम जरा वर ठेवून एकदाही लो होऊ द्यायची नाही, मग घंटा पुन्हा वाजू लागते. डॉक्टरांना 'ते ठीक असतात' असं सांगू नका. ४५ हा आकडा सांगा. तोवर त्यांना गाडी चालवू देऊ नका.

११. आईचं बीपी बसून १५० येतं, पण अंथरुणातून उठली की डोळ्यांपुढे अंधारी येते. इन्सुलिन घेतल्यावर जास्तच. हे कसं?

प्रश्न २ मधला आवळणारा संघ मैदान सोडून गेला की हे होतं. जुन्या डायबिटीसमध्ये फक्त पायांच्या मज्जातंतूंना इजा होते असं नाही; हृदय आणि रक्तवाहिन्या सांभाळणारे, आपल्या इच्छेबाहेरचे मज्जातंतूही झिजतात. उभं राहिल्यावर रक्त पायांकडे ओघळतं, ते वर ढकलायला वाहिन्या आवळाव्या लागतात, आणि तो निरोपच पोहोचत नाही. अशा माणसाला इन्सुलिन टोचलं की ते वाहिन्या सैल करतं आणि समोरून ओढणारं कुणी नसतं. लंडनमधल्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी १९७६ मध्ये हे अशा रुग्णांत नोंदवलं. त्या वेळी साखर लो असायलाच हवी असंही नाही. म्हणून चक्कर आली की साखर आणि बीपी दोन्ही मोजा, नाहीतर दर वेळी साखर खायला घालून काही उपयोग होत नाही आणि एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) तेवढं वाढतं.

घरी तपासायचं असेल तर असं. आईला पाच मिनिटं आडवं पडू द्या, पट्टा दंडावरच राहू द्या, बीपी आणि नाडी लिहा. मग उभं करा, शेजारी कुणीतरी धरायला हवंच, आणि एका व तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचं बीपी २० ने किंवा खालचं १० ने पडलं तर ते महत्त्वाचं. बीपी पडूनही नाडी जेमतेम वाढली, तर मज्जातंतूंच्या इजेचा संशय बळावतो. आडवं १६०, उभं ११०, नाडी ८८ वरून ९०: अशी नोंद डॉक्टरांना दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगते.

मग गोळ्या बघा. पाय जळजळतात म्हणून रात्री दिलेलं अॅमिट्रिप्टिलिन आणि पुरुषांना प्रोस्टेटसाठी दिलेलं टॅम्सुलोसिन, दोन्हींनी उठल्यावरचं बीपी आणखी पडतं. पलंगाची डोक्याकडची बाजू थोडी उंच करणं, उठताना आधी काठावर बसणं, घोट्यांची हालचाल करणं यानेही फरक पडतो. अशा रुग्णाचं झोपलेलं बीपी जास्त असतं म्हणून गोळी वाढवली जाते आणि मग बाथरूममध्ये पडून खुबा मोडतो. बसूनचं बीपी एकटं पाहणं इथे पुरेसं नाही.

या मज्जातंतूंच्या आजारात आणखी एक फसवणूक होते: हार्ट अटॅकला छातीत दुखेलच असं नाही. नुसता दम, घाम किंवा मळमळ झाली तरी ईसीजी काढा.

१२. आजोबांना चक्कर फक्त दुपारच्या जेवणानंतर येते.

जेवल्यावर रक्त आतड्यांकडे वळतं, इन्सुलिन त्या वाहिन्यांना सैल करतं, आणि म्हातारपणी किंवा प्रश्न ११ मधल्या आजारात शरीराला त्याची भरपाई करता येत नाही. जेवणानंतर दोन तासांत वरचं बीपी २० ने पडलं तर हेच. ताटात भाताचा ढीग असेल तर जास्त. थोडं थोडं खाणं, जेवणाआधी पाणी पिणं आणि बीपीच्या गोळीची वेळ डॉक्टरांकडून बदलून घेणं, एवढ्याने बऱ्याचदा भागतं.

१३. इन्सुलिन सुरू केलं, साखर छान खाली आली, आणि पायांची आग भयंकर वाढली. इन्सुलिन सोसलं नाही का?

इन्सुलिन विषारी नाही, वेग जास्त झाला. बरेच महिने चढलेली साखर फार झपाट्याने उतरली, साधारण तीन महिन्यांत एचबीए१सी दोन टक्क्यांहून जास्त, तर काहींना अशी तीव्र वेदना होते. १९३३ मध्ये तिचं पहिलं वर्णन झालं तेव्हा तिला 'इन्सुलिन न्यूरायटिस' म्हटलं गेलं, पण गोळ्यांनी साखर झपाट्याने उतरवली तरी हेच होतं. सोबत उठताना बीपी पडणंही सुरू होऊ शकतं. दुखणं महिनोन्‌महिने टिकतं, मग बहुतेकांत ओसरतं. इन्सुलिन सोडू नका. वेदनेवर औषध घ्या आणि डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, त्यावरही याच सुमारास परिणाम होऊ शकतो.

नुसत्या मुंग्या बऱ्याच वर्षांपासून असतील आणि मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी चालू असेल तर व्हिटॅमिन बी१२ बघा. शाकाहारी घरांत ते आधीच काठावर असतं.

१४. बीपीच्या कोणत्या गोळीने साखर वाढते? आणि शुगरच्या कोणत्या गोळीने बीपी उतरतं?

थायझाइड गटाच्या (लघवी वाढवून बीपी उतरवणाऱ्या) गोळ्यांनी साखर थोडी वाढू शकते, विशेषतः पोटॅशियम घसरलं तर, कारण पोटॅशियम कमी असलं की स्वादुपिंड इन्सुलिन नीट सोडत नाही. जुन्या बीटा ब्लॉकरांनीही रेझिस्टन्स थोडा वाढतो. टेल्मिसार्टन, रामिप्रिल यांच्या गटांचा तसा त्रास नाही. उलट दिशेने पाहिलं तर डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन लघवीतून साखर आणि मीठ दोन्ही काढतात, त्यामुळे वरचं बीपी साधारण ३ ते ५ ने उतरतं. प्रश्न ११ मधल्या पेशंटला तेवढंही जड जाऊ शकतं.

१५. भात-पोळी बंद केली. चार दिवसांत दोन किलो उतरले, बीपीही उतरलं, पण उठताना गरगरतं. डाएट सोडू?

त्या दोन किलोंत बरंचसं पाणी आहे. पिष्टमय पदार्थ कमी केले की इन्सुलिन खाली येतं आणि मूत्रपिंड धरून ठेवलेलं मीठ सोडून देतं (प्रश्न ३). बीपीच्या गोळ्या मात्र जुन्याच हिशोबाने चालू असतात. कडक उपासातही हेच होतं. डाएट सुरू करायच्या आधीच डॉक्टरांकडून बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन कमी करून घ्या. गरगरल्यावर मीठ-पाणी घेऊन वेळ मारून नेणं हा उपाय नव्हे.

१६. रक्तातलं इन्सुलिन तपासून घेऊ का? लॅबच्या पॅकेजमध्ये आहे.

बहुतेकांना गरज नाही. आकडा लॅबगणिक बदलतो आणि त्यावरून उपचार बदलत नाही. कंबर, बीपी, साखर आणि ट्रायग्लिसराइड यांवरून तेवढंच कळतं. इन्सुलिन टोचत असाल तर मग त्या आकड्याचा अर्थ लावणंही अवघड.

१७. साखर ५००, उलट्या, आणि बीपी ८०. साखर आहे म्हणून आम्ही घरीच जादा इन्सुलिन दिलं तर?

देऊ नका, गाडी काढा. एवढ्या साखरेने लघवीवाटे अंगातलं पाणी आणि मीठ वाहून गेलेलं असतं, बीपी त्यामुळे पडलेलं असतं. अशा वेळी आधी सलाइन लागतं. इन्सुलिनने साखर आणि त्यामागोमाग पाणी पेशींत शिरतं, त्यामुळे सलाइनआधी दिल्यास बीपी आणखी कोसळू शकतं. ते पोटॅशियमही पेशींत ढकलतं, आणि पोटॅशियम आधीच घसरलेलं असेल तर हृदयाचे ठोके बिघडतात. हॉस्पिटलमध्ये म्हणूनच पोटॅशियमचा रिपोर्ट बघून इन्सुलिनची ड्रिप लावतात. जाताना शेवटचं इन्सुलिन कोणतं, किती युनिट आणि किती वाजता दिलं ते कागदावर लिहून घ्या, आणि इन्सुलिनचं पेन सोबत ठेवा.